मदत हवी आहे: मटणाचे डबे लासलगावला किरण मारायला देता येतील का? (तातडीचं)

रस्सा_सातपूर | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. काळ्या रश्श्यातलं मटण डब्यात भरून विकायचं आहे. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेचं बंद भांडं) पुरेसा वेळ ठेवलं की मटणाचा लगदा होतो, वाटण तळाला करपतं आणि खोबऱ्याला जळका वास येतो. लासलगावला कांद्यावर गॅमा किरण मारतात ते केंद्र आहे ना, तिथे डबे नेले आणि इथली उष्णता निम्मी केली तर जमेल का? उष्णता आणि किरण मिळून दोन्ही कमी लागतात असं वाचलं होतं. किती किरण, किती मिनिटं, आणि आधी काय, एवढंच सांगा. बारा दिवसांनी लेहला निघणाऱ्या ग्रुपला २४० डबे द्यायचे आहेत. ज्यांना माहिती आहे त्यांनीच लिहा.

निफाडचा_कांदा | रात्री ११:०५

दादा, लासलगावचं केंद्र आमच्या घरापासून जवळ आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलं, २००२ पासून आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून अगदी थोडा डोस देतात. २००७ मध्ये अमेरिकेला हापूस गेला तोही इथूनच प्रक्रिया होऊन. पण नुसते किरण मारून कांदा टिकत नाही, हे कोणी सांगत नाही. नंतर साठवण नीट लागते, चाळीत हवा खेळती लागते. आमच्याकडे दरवर्षी चाळीत किती माल सडतो ते बघायला या एकदा. भाव पडले की विकवत नाही आणि ठेवलं तर सडतं. सरकारने असं केंद्र प्रत्येक तालुक्यात काढायला हवं होतं.

पाऊचवाला_अंबड | रात्री ११:२०

डबा सोडा, रिटॉर्ट पाऊच घ्या, म्हणजे रिटॉर्टमध्ये, दाबाच्या वाफेत, निर्जंतुक करता येणारी पिशवी. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने हे तंत्र भारतात रुजवलं, सैन्याचं तयार जेवण त्यातच येतं. चपटा पाऊच असला की मध्यापर्यंत उष्णता पटकन पोचते, मटण शिजून लगदा होत नाही. मी तीन वर्षं करतोय. किरणांच्या नादाला लागू नका.

रस्सा_सातपूर | रात्री ११:३१

पाऊच नको आहे, गिऱ्हाइकाला डबाच हवा. प्रश्न किरणांचा आहे.

मायक्रो_ताई | बुधवार, सकाळी ७:१०

उत्तर देता येईल, पण आधी हे सांगा. डबा केवढा? हाडासकट मटण की बोनलेस? रस्सा पातळ की घट्ट? किती तापमानाला किती मिनिटं ठेवता? वेळ मोजायला कधी सुरुवात करता? आणि आतापर्यंतच्या डब्यांचं काय झालं?

खरी भीती क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंची, म्हणजे त्याच्या चिवट सुप्त रूपाची आहे. हवाबंद डबा, मटणासारखा आम्लता नसलेला पदार्थ आणि फ्रिजबाहेर साठवण, ही त्याची आवडती जागा. साध्या उकळीत हे बीजाणू तासन्‌तास तग धरतात. म्हणून १२१ अंश लागतात. त्या तापमानाला त्यांची संख्या दहापट कमी व्हायला सुमारे ०.२१ मिनिट लागतं. असे दहापटीचे बारा टप्पे धरायचे असतात, म्हणजे अडीच मिनिटं. त्याहून चिवट पण कमी घातक बीजाणूही असतात, म्हणून मटणाच्या रश्श्याला उद्योगात सहा मिनिटं किंवा जास्त धरतात. ही मिनिटं डब्याच्या मध्यातल्या सर्वांत थंड जागेची आहेत, भांड्यावरच्या काट्याची नाहीत.

देवळालीकर_काका | सकाळी ८:०२

ताई, तुमच्या माहितीत भर घालतो. अंतराळवीरांना दिलं जाणारं मांस किरणांनीच निर्जंतुक करतात. १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यासाठी किमान ४४ किलोग्रेची (किलोग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) परवानगी दिली. त्यात आधी उष्णता असते. मांस ७० ते ७७ अंशांपर्यंत तापवायचं, मगच गोठवून किरण द्यायचे. कारण किरणांनी जिवाणू मरतात पण मांसातली विकरं (एन्झाइम) मरत नाहीत. ती जिवंत राहिली तर डब्यात पडल्यापडल्या मांस मऊ होतं, कडू होतं. तेव्हा रस्सा भाऊ, आधी उष्णता आणि मग किरण.

मायक्रो_ताई | सकाळी ९:१५

काका, ती माहिती बरोबर, पण ती पद्धत वेगळ्या कामाची आहे. तिथे निर्जंतुकीकरणाचं सगळं काम किरण करतात. ७५ अंश फक्त विकरांसाठी, बीजाणूंना त्याने काहीच होत नाही.

रस्सा यांना निर्जंतुकीकरणाचं काम उष्णता आणि किरणांत वाटून हवं आहे. तिथे क्रम उलटा आहे. १९५० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डबाबंद गोमांसात मुद्दाम बीजाणू घालून हेच तपासलं. आधी किरण आणि मग उष्णता दिली की बीजाणू उष्णतेला बरेच हळवे होतात, एरवीपेक्षा कमी उष्णतेत मरतात. आधी उष्णता देऊन मग किरण दिले तर तसा फायदा मिळत नाही, दोन्हींची बेरीज तेवढी उरते. बीजाणूचा गाभा कोरडा असतो, म्हणूनच तो उष्णता सोसतो. किरणांनी तो कोरडा ठेवणारी घडण बिघडते, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. आणि शेवटी रिटॉर्ट होणारच असेल तर विकरं त्यातच मरतात, वेगळे ७५ अंश कशाला?

देवळालीकर_काका | सकाळी ९:४०

मग गोठवायचं कशाला, तेही सांगा. तुमचा क्रम मानला तरी न गोठवता किरण दिले की मांसाला ओल्या कुत्र्यासारखा वास येतो म्हणतात. डबा गोठवून किरण, मग वितळवून रिटॉर्ट, असा खेळ करायचा?

मायक्रो_ताई | सकाळी १०:०५

काका, हा मुद्दा मान्य. तो वास मुख्यतः पाण्यापासून तयार होणाऱ्या चळवळ्या कणांमुळे (फ्री रॅडिकल) आणि प्राणवायूमुळे येतो. म्हणून मोठा डोस देताना हवा काढून, उणे ३० ते ४० अंशांना गोठवून देतात. पण गोठवलं की बीजाणूही जास्त डोस सोसतात. म्हणूनच नुसत्या किरणांनी बारा टप्पे गाठायला ४५ किलोग्रेच्या आसपास जावं लागतं. एका टप्प्याला साधारण पावणेचार किलोग्रे.

आता भारतातला कायदा. लष्करी शिधा, अंतराळातलं अन्न, तयार खाद्य या वर्गाला निर्जंतुकीकरणासाठी २५ किलोग्रेपर्यंतच मुभा आहे. ताज्या-गोठवलेल्या मांसाच्या वर्गात तर रोगजंतू कमी करायला फार तर ७. पंचवीसमध्ये गोठवलेल्या मांसात जेमतेम साडेसहा टप्पे होतात. उरलेलं उष्णतेनेच करायचं, म्हणून हा विषय महत्त्वाचा आहे आणि म्हणूनच मी इतकं लिहिते आहे. पण लासलगावला कांद्याला लागतात ०.०६ ते ०.०९ किलोग्रे आणि आंब्याला ०.४. अंतराळातल्या मांसाचा डोस कांद्याच्या पाचशे ते सातशेपट आहे. ते केंद्र त्या कामाचंच नाही. वाशीला मसाल्यांसाठी जास्त डोसचं केंद्र आहे, पण २४० डबे घेऊन दारात उभं राहिलं आणि झालं, असं तिथेही होत नाही. परवाना, डोसची मोजणी, डब्यावर किरण दिल्याचं राडुरा चिन्ह, सगळं लागतं.

गोदाकाठची_सई | सकाळी १०:२०

मला एक कळत नाही, किरण मारलेलं अन्न स्वतः किरणोत्सर्गी होत नाही का? लहान मुलांना देतात का?

मायक्रो_ताई | सकाळी १०:३२

नाही होत, सई. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, अन्नातले अणू किरणोत्सर्गी करायला ती अपुरी पडते. १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १० किलोग्रेपर्यंतचं अन्न सुरक्षित ठरवलं, १९९७ च्या अभ्यासगटाने त्यावरच्या डोसबद्दलही तेच म्हटलं.

देवळालीकर_काका | सकाळी १०:४५

इतकं सुरक्षित होतं तर अमेरिकेने १९६३ मध्ये किरण मारलेल्या डबाबंद बेकनला दिलेली परवानगी १९६८ मध्ये काढून का घेतली?

मायक्रो_ताई | सकाळी ११:००

जनावरांवरच्या चाचण्यांचा पुरावा पुरेसा नव्हता म्हणून. तो पुरावा नंतर कितीतरी वर्षं जमवला गेला. काका, हा वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. रस्सा यांनी अजून माझ्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

बॉयलर_भाऊ | दुपारी १:१५

मी अंबडला बॉयलर चालवतो. भाऊ, काट्यावर पंधरा पौंड दाब बघून वेळ लावत असाल तर दोन चुका होतात. एक, नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. पाणीच इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. काट्यावर पंधरा पौंड म्हणजे समुद्रकाठी १२१, आपल्याकडे १२०. साधारण एक पौंड जास्त ठेवावा लागतो. एका अंशाने मारकशक्ती पाचव्या हिश्शाने घटते, ताईंना विचारा.

दुसरी चूक मोठी. झाकण लावल्यावर आतली हवा पूर्ण बाहेर सोडली का? हवा राहिली की काटा पंधरा दाखवतो, पण आत वाफ आणि हवेचं मिश्रण असतं, तापमान कितीतरी कमी. डब्यांच्या मधल्या खाचांत तर थंड गोळे बसतात. कॉक उघडा ठेवून जोरदार वाफ सलग सोडायची, मग बंद करायचा. काट्यावर भरवसा ठेवू नका, आत थर्मामीटर हवा.

रस्सा_सातपूर | दुपारी २:४०

धन्यवाद भाऊ. हवा सोडत नव्हतो, कोणी सांगितलंच नाही. ऑटोक्लेव्ह सेकंडहँड आहे, उभं. पंधरा पौंडाला पंचवीस मिनिटं. आधी चाळीस ठेवत होतो, तेव्हा लगदा होत होता, म्हणून वेळ कमी केला. मागच्या आठवड्यातल्या पंचवीस मिनिटांच्या लॉटमधले तीन डबे फुगलेत. ते बाजूला काढलेत. म्हणून तर किरणांचं विचारलं, उरलेल्या डब्यांना किरण मारले तर वाचतील ना?

मायक्रो_ताई | दुपारी २:४८

थांबा. पहिल्या पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं.

उरलेल्या लॉटचा एकही डबा कोणाला देऊ नका, उघडू नका, चाखून बघू नका. बोट्युलिनमचं विष आधीच तयार झालेलं असेल तर किरणांनी ते नष्ट होत नाही. बीजाणू मरतील, विष तसंच राहील. न फुगलेला डबाही सुरक्षित समजू नका. वास, रंग, चव सगळं ठीक वाटूनही विष असू शकतं.

तुम्ही किंवा कोणी या लॉटमधलं खाल्लं आहे का? लगेच सांगा.

रस्सा_सातपूर | दुपारी २:५५

घरात नाही. पण चव बघायला शेजारी आणि नातेवाइकांना पाच डबे दिले होते. रविवारी.

मायक्रो_ताई | दुपारी २:५८

आत्ता फोन करा, हा धागा नंतर. कोणी खाल्लं असेल आणि पापणी पडतेय, एकाचे दोन दिसतायत, बोलताना जीभ जड होतेय, गिळता येत नाही, यापैकी काहीही असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. बहुधा बारा ते छत्तीस तासांत लक्षणं दिसतात, पण काही दिवसांनीही दिसू शकतात. त्रास नसला तरी खाल्लेल्यांनी आजच डॉक्टरांना दाखवावं. प्रतिविष जितकं लवकर मिळेल तितकं चांगलं, म्हणून डॉक्टरांना डब्याचं मटण खाल्ल्याचं आधी सांगा.

पाऊचवाला_अंबड | दुपारी ३:१०

मी कालच सांगितलं होतं पाऊच घ्या म्हणून.

बॉयलर_भाऊ | दुपारी ३:१४

पाऊचमध्येही हवा सोडली नाही तर हेच होतं. आता माणसाला फोन करू द्या.

निफाडचा_कांदा | दुपारी ३:४०

दादा, पंचवटीत वगैरे कोणाकडे जायचं असेल तर सांगा, मी आज नाशकातच आहे, गाडी आहे.

रस्सा_सातपूर | रात्री ८:२५

पाचही डबे परत आले. चार न उघडलेले. शेजारच्या काकूंनी त्यांचा उघडला होता, पण मुलगा आजारी पडल्यामुळे मटण खाल्लं नाही, भांड्यासकट फ्रिजमध्ये होतं. न उघडलेल्यांतला एक पंचवटीत मावशींकडे होता. त्या फोन उचलत नव्हत्या. निफाडच्या भाऊंनी मला तिथे नेलं, मावशी देवळात गेल्या होत्या, डबा फडताळात तसाच. कोणालाही त्रास नाही. काय बोलू कळत नाही. ताई, तुम्ही परत परत विचारत होतात आणि मी किरणांचंच घेऊन बसलो.

सगळा लॉट, फुगलेले तीन धरून, दुहेरी पिशवीत बांधून ठेवलाय. टाकायचा की तपासायला द्यायचा?

मायक्रो_ताई | रात्री ८:५०

कोणी खाल्लं नाही हे वाचून जिवात जीव आला. काकूंचं भांडं आणि फ्रिजमधला तो कप्पा ब्लीचच्या पाण्याने धुवा, हातमोजे घालून.

अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेला फुगलेला एक आणि चांगला दिसणारा एक, असे न उघडता द्या, आधी फोन करून. त्यांना फक्त बीजाणूवाले जिवाणू सापडले तर उष्णता कमी पडली. नाना तऱ्हेचे जिवाणू मिळाले तर डब्याची शिवण गळते आहे आणि थंड करतानाचं पाणी आत जातंय. दोन्हींचा इलाज वेगळा. बाकीचे टाकून द्या, लहान मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत असे.

लगद्याबद्दल: खोबरं-कांद्याचं घट्ट वाटण असलं की आत रस्सा फिरत नाही, उष्णता कडेकडून सरकत जाते. कडेचं करपतं तेव्हा मधलं अजून तापलेलंही नसतं. वाटण पातळ करा, मटण भरताना अर्धंकच्चं ठेवा, डबा लहान आणि चपटा घ्या. मग मध्यात तारेचं तापमापक घालून प्रत्यक्ष मोजून घ्या. त्याशिवाय मी मिनिटांचा आकडा देणार नाही.

रस्सा_सातपूर | रात्री ९:३०

ग्रुपला फोन करून ऑर्डर रद्द केली. आगाऊ घेतलेले पैसे उद्या परत करतोय.

पहिल्यांदा विचारलेलं आता सांगतो. डबा ८०० ग्रॅमचा, उंच, गोल. हाडासकट मटण, तुकडे मोठे, भरण्याआधी पूर्ण शिजवलेलं. वाटण घट्ट, चमचा उभा राहील असं. वेळ काटा पंधरावर गेल्यापासून. थंड करायला बोअरचं पाणी, त्यात क्लोरीन टाकत नाही. भाऊ, अंबडला तारेचं तापमापक भाड्याने कोण देतं ते सांगाल का?