मदत हवी आहे : पीसीबी डिझाइनच्या खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार.

राजापूर तालुक्यात माझे मोटर रिवाइंडिंगचे छोटे वर्कशॉप आहे. आमच्याकडे खाडीकाठी कोळंबीचे तलाव आहेत आणि त्यांवरचे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे) तीन फेजच्या मोटरींवर चालतात. तलावातल्या पाण्यातला प्राणवायू पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी झालेला असतो. नेमका तेव्हाच एखादा फेज गेला आणि राखणदाराला जाग आली नाही, तर मोटर जळते ती जळतेच, शिवाय उजाडेपर्यंत हंगामाचा माल हातचा गेलेला असतो. म्हणून तिन्ही फेजांवर लक्ष ठेवणारे आणि फेज जाताच भोंगा वाजवून मालकाच्या मोबाइलवर कॉल लावणारे, बॅटरीवर चालणारे एक यंत्र मी झिरो बोर्डवर (भोके पाडलेल्या कोऱ्या बोर्डावर) हाताने तारा झाळून तयार केले. अशी 6 यंत्रे सध्या तलावांवर आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांतले एक परत आले. डबा उघडला तेव्हा रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) पायांभोवती मिठाची पांढरी खपली धरलेली होती, तांब्याच्या तारांवर हिरवा कळंक चढला होता आणि दोन टर्मिनलांच्या मध्ये एक पाल वाळून कोळ झालेली होती. पालीचा दोष मी बोर्डावर घालणार नाही, परंतु हाताने झाळलेला बोर्ड खाडीच्या हवेत टिकत नाही एवढे मला पटले. आता तलाववाल्यांकडून 50 यंत्रांची मागणी आहे, तेव्हा रीतसर पीसीबी, म्हणजे तांब्याच्या वाटा छापलेला सर्किट बोर्ड, करून घ्यावा असे ठरवले आणि तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली.

पहिल्याने माझ्या बोर्डाच्या फोटोवरून 310 पिन (घटकांचे पाय) मोजल्या आणि प्रति पिन 15 रुपये, म्हणजे 4,650 रुपये सांगितले. दुसऱ्याने तासाला 600 रुपये दराने 32 तास धरून 19,200 रुपयांचा आकडा दिला. तिसऱ्याने कोणताही हिशेब न मांडता एकरकमी 48,000 रुपये कळवले. काम एकच, मी पाठवलेली हाताने काढलेली सर्किटची आकृतीही एकच, मग दरात दहापट अंतर कसे पडते?

स्वस्त ते घ्यावे असे म्हणणाऱ्यांसाठी माझा एक जुना अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी पंपाच्या टायमरचा बोर्ड एका डिझायनरकडून करून घेतला होता. त्याने फक्त गर्बर फाइली, म्हणजे कारखान्यात बोर्ड छापण्यापुरत्या फाइली, दिल्या. पुढे त्यातला डिस्प्ले बाजारातून गेला, मूळ फाइली मागितल्या तर त्या ‘देता येत नाहीत’ असे उत्तर मिळाले आणि एका डिस्प्लेसाठी संपूर्ण डिझाइनचे पैसे मला दुसऱ्यांदा मोजावे लागले.

माझा बोर्ड साधारण 120 बाय 100 मिमीचा, दोन थरांचा होईल. घटक सुमारे 95 आहेत. अशा कामाला किती तास लागणे रास्त आहे, आणि तीन निरनिराळ्या पद्धतींची दरपत्रके एका मापाने कशी मोजावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी लेआउटचेच (बोर्डावर घटक आणि तांब्याच्या वाटा मांडण्याचे) काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण बोर्डाचा आकार आधी सांगितला, पण डिझाइनच्या खर्चात आकाराला फारसे महत्त्व नसते. आकार आणि थरांची संख्या यांवर बोर्ड छापण्याचा खर्च ठरतो. अनेक कारखाने 100 बाय 100 मिमीपर्यंतच्या दोन थरी नमुना बोर्डांना बराच कमी दर लावतात, म्हणून 20 मिमी वाचवता आले तर जरूर पाहा. डिझाइनचा खर्च मात्र किती जोडण्या आहेत आणि त्यांतल्या किती जोडण्या विचार करून ओढाव्या लागतात, यावर ठरतो. पिनमागे दर लावण्याची पद्धत म्हणूनच प्रचलित आहे आणि ती चुकीचीही नाही. तिची अडचण एवढीच की रेझिस्टरची पिन आणि 415 व्होल्टची पिन तिच्या लेखी सारखीच असते.

आपल्या बोर्डात कठीण जागा दोन आहेत. पहिली म्हणजे तीन फेजची बाजू आणि मायक्रोकंट्रोलरची (यंत्र चालवणाऱ्या चिपची) बाजू यांच्यामधले अंतर. या दोन बाजू विजेने अलग ठेवून प्रकाशाने संकेत पोहोचवणाऱ्या ऑप्टोकपलरच्या, चार पायांच्या साध्या प्रकारात, पायांच्या दोन रांगांत 7.62 मिमी अंतर असते, परंतु त्यांच्या पॅडनी (पाय झाळायच्या तांब्याच्या ठिपक्यांनी) त्यातला काही भाग खाल्लेला असतो आणि दमट, खारट हवेत पृष्ठभागावरून वीज सरकू नये म्हणून लागणारे अंतर कोरड्या खोलीतल्यापेक्षा जास्त धरावे लागते. अशा वेळी ऑप्टोकपलरच्या खाली बोर्डालाच खाच पाडतात. दुसरी जागा जीएसएम मॉड्यूलची, म्हणजे मोबाइलवर कॉल लावणाऱ्या भागाची. टूजी मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर 2 अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. त्याची पुरवठ्याची वाट बारीक ठेवली किंवा कपॅसिटर लांब बसवला, की कॉल लागताना मॉड्यूल रीसेट होते आणि दोष प्रोग्रामचा समजून माणूस आठवडाभर प्रोग्राम तपासत बसतो.

आता तासांचा हिशेब. हाताने काढलेली आकृती संगणकावर नीट उतरवायला 6 तास, प्रत्येक घटकाचे फूटप्रिंट (बोर्डावरचा त्याच्या पायांच्या जागांचा आराखडा) तपासायला 5, घटक मांडायला 6, ट्रॅक ओढायला 8 आणि शेवटची तपासणी व फाइली तयार करायला 3, असे 28 तास मी धरीन. पहिला नमुना हाती आल्यावर काहीतरी चुकलेले निघतेच, त्यासाठी आणखी 6 तास. एकूण 34. त्यामुळे दुसऱ्याचे 32 तास मला अगदी सरळ वाटतात; फक्त त्यात दुरुस्तीची फेरी धरली आहे का, ते विचारा. पहिल्याच्या 4,650 रुपयांत, माझ्या अंदाजाने, आकृती तपासणे नाही आणि दुसरी फेरीही नाही. तो तुमची आकृती जशीच्या तशी तांब्यात उतरवून देईल, आणि तुमच्या आकृतीतली चूकही तितक्याच निष्ठेने उतरवील. 48,000 ही रक्कम ऐकताच लूट म्हणू नका. त्यात नमुन्याचे बोर्ड छापणे, घटकांची खरेदी, जोडणी आणि दोन फेऱ्या असतील तर ती जागच्या जागी आहे. नुसत्या लेआउटची असेल तर नाही.

तिघांनाही एकच पत्र पाठवा. त्यात बोर्ड 1.6 मिमी जाडीच्या एफआर4चा (काचतंतूच्या पत्र्याचा), तांबे 35 मायक्रॉन, डब्याचे आतले माप, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा, आणि जोडणीनंतर बोर्डावर संरक्षक लेप चढणार आहे हे स्पष्ट लिहा. लेपाची गोष्ट आधी सांगणे महत्त्वाचे आहे, कारण टर्मिनल आणि सिमकार्डाचा खाचा लेपापासून झाकून ठेवावा लागतो व ते एका कडेला असतील तरच हे काम सुटसुटीत होते. हाती काय पडणार तेही लेखी घ्या : मूळ स्किमॅटिक (सर्किटची आकृती) व लेआउट फाइली, गर्बर, ड्रिल फाइल आणि घटकांची यादी. आपला डिस्प्लेचा अनुभव पाहता, मूळ फाइली न देणाऱ्याचे दरपत्रक मी तरी वाचणारही नाही. वर 18 टक्के जीएसटी वेगळा आहे की धरलेला आहे, हे विचारायला लोक विसरतात.

प्रतिसाद

कीकॅड हे पीसीबी डिझाइनचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि 95 घटकांचा दोन थरी बोर्ड त्यात शिकता शिकता होऊ शकतो. सगळा लेआउट स्वतः करा असे मी म्हणणार नाही, कारण तीन फेजच्या अंतराची चूक महागात पडेल. पण निदान स्किमॅटिक स्वतः काढून दिलेत तर वर सांगितलेल्या तासांतले पाच-सहा तास वाचतील. आणि ऑर्डर देण्यापूर्वी लेआउट कागदावर मूळ मापात छापून त्यावर खरे घटक ठेवून पाहा. कागदाला खर्च नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. तिघांनाही एकच पत्र पाठवले. पहिल्याने मूळ फाइलींचे वेगळे पैसे सांगितले. तिसऱ्याच्या रकमेत जोडलेले 5 नमुने आणि दोन फेऱ्या आहेत, म्हणजे आपला अंदाज बरोबर निघाला. पण जोडणी मी स्वतः करू शकतो, त्यामुळे त्याची मला गरज नाही. दुसऱ्याने दुरुस्तीची फेरी आणि सर्व फाइली धरून 34 तासांचे 20,400 रुपये कळवले आहेत. जीएसटीसह ते 24,072 होतात, म्हणजे 50 यंत्रांवर वाटले तर एका यंत्रामागे सुमारे 481 रुपये. एका एरेटरची मोटर पुन्हा भरायला तलाववाला मला याहून कितीतरी जास्त देतो, तेव्हा हा भार त्याला जड होणार नाही. काम त्या दुसऱ्या डिझायनरलाच दिले.

स्किमॅटिक कीकॅडमध्ये मीच काढले. सहा तासांचे काम मला चार रात्री पुरले, त्यामुळे तास वाचवल्याचा दावा करवत नाही. कागदाची युक्ती मात्र लगेच कामी आली. सॉफ्टवेअरमधल्या रिलेचे फूटप्रिंट छापून त्यावर माझ्याकडचा रिले ठेवला, तर चार पाय ठिपक्यांवर बसले आणि पाचवा दोनेक मिमी बाजूला पडला. यादीत नुसते ‘12 व्होल्ट रिले’ लिहिले होते, तिथे आता नेमका मॉडेल क्रमांक लिहिला आहे आणि दोन रिले नमुन्यादाखल उद्याच्या कुरिअरने डिझायनरकडे पाठवत आहे.