मदत हवी आहे: वाई तालुक्यातल्या स्मारकशिळेवरचा '११४ मराठाज'चा शिपाई नेमका कोण?

घाटवाट:
गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी शिळा बसवलेली आहे. तिच्यावर इंग्रजीत, गावातून १९१४–१९१९च्या महायुद्धावर किती जण गेले नि किती कामी आले, एवढे आकडेच आहेत. त्याखाली नंतर कुणीतरी मराठीत कोरलंय: 'सखाराम, ११४ मराठाज, १९१८'. '११४ मराठाज' म्हणजे इंग्रजांच्या हिंदी फौजेतली ११४वी मराठा पलटण. आडनाव, वडिलांचं नाव, शिपाई नंबर, काहीच नाही. गावातल्या तीन भावक्या तो आपला म्हणतात, पण एकाही घरात पदक नाही. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर 'सखाराम' शोधलं तर ढीगभर नोंदी येतात. त्या कशा चाळायच्या?

जुनी पलटण:
नावाने शोधू नका, गावाने शोधा. प्रगत शोधात 'अतिरिक्त माहिती'चा रकाना असतो. हिंदी शिपायांच्या बऱ्याच नोंदींत तिथे 'अमक्याचा मुलगा, गाव, तालुका, सातारा, मुंबई' असं लिहिलेलं असतं. नावाचा रकाना रिकामा सोडा आणि 'अतिरिक्त माहिती'त फक्त गाव टाका.

गाव सापडत नसेल तर स्पेलिंग बदलून बघा. 'वाडी' व्ही आणि डब्ल्यू दोन्हींनी लिहितात. 'खुर्द', 'बुद्रुक' पुष्कळदा गाळलेले असतात. तालुक्यावर भिस्त ठेवू नका, कारण तेव्हा खंडाळा हा वाईचाच पेटा, म्हणजे उपतालुका होता. जिल्ह्याचंही तसंच: तासगाव, वाळव्याची गावं साताऱ्याखाली आणि आजच्या सिंधुदुर्गातली बरीचशी रत्नागिरीखाली मिळतात.

आडनाव माहीत नसल्याने फारसं अडत नाही. हिंदी शिपायाचं अख्खं नाव पुष्कळदा आडनावाच्या रकान्यातच भरलेलं असतं. मात्र पलटण निवडताना इंग्रजी 'मराठा'चं जुनं स्पेलिंग वापरा, त्यात 'आर'च्या आधी 'एच' आहे. नव्या स्पेलिंगने नोंद हातातून निसटते.

शरकत१९१८:
११४वी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होती आणि ऑक्टोबर १९१८च्या अखेरीस शरकतच्या लढाईत लढली. म्हणून १९१८ दिसलं की लोक लगेच 'शरकतला पडला' म्हणतात. तारीख पाहिल्याशिवाय तसं म्हणू नये. त्याच हंगामात इन्फ्लुएन्झाही होता, आणि आजाराने गेलेल्यांची नोंदही तशीच होते.

नोंदीत स्मारक कोणतं आहे ते आधी बघा. बसरा असेल तर मृत्यू मेसोपोटेमियातला आणि कबर अज्ञात. खडकीचं १९१४–१९१८ स्मारक असेल तर मृत्यू हिंदुस्थानातला. बसऱ्याच्या भिंतीचे फोटो मागवण्यात वेळ घालवू नका. तिथे साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेलीच नाहीत, पलटणीवार फक्त संख्या आहे. नावं नोंदवहीत आहेत. माझ्या मते हा फार मोठा अन्याय आहे, आणि म्हणूनच तुमच्या शिळेवरचं हे एक नाव मोलाचं आहे.

लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणीची युद्धदैनंदिनी मिळेल. त्यात अधिकाऱ्यांची नावं आणि शिपायांचे आकडे असतात, तेव्हा ती तारीख पडताळायलाच उपयोगी. लाहोर संग्रहालयाच्या ज्या नोंदवह्यांचा बोलबाला आहे त्या पंजाबच्या आहेत, सातारकरांच्या कामाच्या नाहीत.

घाटवाट:
गावाने शोधल्यावर ११४व्या पलटणीतला एक सखाराम मिळाला, बसरा स्मारक, वडिलांच्या नावासह. त्याच पलटणीतला आणखी एक खडकी स्मारकावर आहे, पण त्याच्या नोंदीत गावच नाही. आता?

मोडीवाचक:
गाव लागलेला पुढे आहे, पण अजून शिक्का मारू नका. बापाचं नाव महसुली दप्तराशी जुळवा.

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात गावातले जन्ममृत्यू असतात. परमुलखात मेलेला शिपाई त्यात मिळेलच असं नाही. खरी भिस्त फेरफारावर, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदींवर. त्याच्या नावावर जमीन किंवा हिस्सा असेल तर वारस नोंद झालेलीच असणार, आणि तिथे बाप, भाऊ, विधवा सगळे एका जागी येतात. नोंदी १९१८ ते १९२२ अशा सलग मागा. बातमी उशिरा यायची, नोंद त्याहून उशिरा व्हायची.

अर्ज तहसीलच्या अभिलेख कक्षात करा. चूक होते ती इथे: लोक आजचा गट नंबर देतात, आणि जुनं दप्तर सर्व्हे नंबरावर लावलेलं असतं. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून जमीन एकत्रीकरणाचा (सर्व्हे नंबरांचे गट झाले त्याचा) ९(३) ९(४) उतारा घ्या, त्यावरून जुना सर्व्हे नंबर कळतो. काही जिल्ह्यांचं दप्तर 'आपले अभिलेख'वर स्कॅन झालं आहे, ते आधी बघा. मजकूर मोडीत असेल. लिप्यंतर करून घेताना 'मयत' शब्दाच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही ओळी वाचून घ्या.

जुनी पलटण:
पदकासाठी तिन्ही भावक्यांच्या लेकीबाळींच्या सासरी विचारा. विधवेचा पाट लागला असेल तर वस्तू त्या गावी गेलेल्या असतात. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेली असते. ती घासून चकचकीत करू देऊ नका, अक्षरं झिजतात. साधारण १२० मिलिमीटर व्यासाची काशाची गोल तबकडी (मृताच्या घरी दिलेलं स्मृतिचिन्ह) मिळाली तर तिच्यावर फक्त नाव असतं, नंबर नाही, पलटण नाही. तेवढ्यावरून दोन सखारामांतला कोणता हे ठरत नाही.

घाटवाट:
मनापासून आभार. तिन्ही घरांचे जुने सर्व्हे नंबर काढून फेरफारासाठी अर्ज टाकतो. मोडी नक्कल हाती आली की इथेच लावतो, वाचायला मदत लागेल.