मदत हवी आहे: ऑर्थो इम्प्लांटच्या धंद्यातली डॉक्टरांची 'प्रवास बिलं', तक्रार कुठे आणि कशी करावी?

नमस्कार मंडळी,

फर्मचं नाव लिहीत नाही, समजून घ्या. मरीन लाइन्सजवळच्या एका भागीदारी फर्ममध्ये मी सहा वर्षं हिशेब बघते. हाडाच्या प्लेट, स्क्रू, रॉड असा आमचा माल. पूर्ण सेट डिलिव्हरी चलानवर ऑपरेशन थिएटरमध्ये जातो, जे वापरलं त्याचे स्टिकर पेशंटच्या केसपेपरवर चिकटवतात, उरलेलं परत येतं आणि मग आम्ही हॉस्पिटलला बिल करतो.

आमचं एका प्लेटचं बिल 9,000 रुपये आणि स्टिकरवर एमआरपी 31,000, असं सर्रास असतं. पेशंटकडून एमआरपीच घेतात. त्यावर दर तिमाहीला एका ट्रॅव्हल एजन्सीची बिलं येतात, सर्जन आणि त्यांच्या कुटुंबाच्या परदेश प्रवासाची. ती मी 'विक्री प्रोत्साहन' खात्यात टाकायची.

गेल्या महिन्यात एका पेशंटचा मुलगा दुकानात आला. वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं होतं. मोबाइलमध्ये स्टिकरचा फोटो दाखवून म्हणाला, "ताई, हॉस्पिटलने तुमच्याकडून हे कितीला घेतलं, एवढंच सांगा." बिल माझ्यासमोर स्क्रीनवर उघडं होतं. मी म्हटलं, हॉस्पिटलच्या बिलिंगला विचारा. तो निमूटपणे गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून मी नियम वाचते आहे.

गुडघ्याच्या इम्प्लांटवर ऑगस्ट 2017 मध्ये किमतीची मर्यादा आली, कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या पूर्ण सेटला जीएसटी सोडून 54,720 रुपये. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटवर त्याच वर्षी फेब्रुवारीत आली होती. आमच्या प्लेट-स्क्रूवर तशी मर्यादा नाही. एमआरपी वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन, पण मुळात ती किती छापायची हे कंपनीच ठरवते. म्हणून जिची एमआरपी जास्त तिचा माल हॉस्पिटलला जास्त आवडतो. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी किंवा प्रवासखर्च घेऊ नये, असं वैद्यक परिषदेच्या नियमांत 2009 पासून आहे. असा खर्च करसवलतीत धरता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2022 मध्ये औषध कंपनीच्या प्रकरणात सांगितलं. जुलै 2022 पासून वर्षाला 20,000 च्या वरच्या अशा लाभावर (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 194आर) 10 टक्के टीडीएस कापायचा असतो. आमच्याकडे एकदाही कापलेला नाही. हे मालकांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "तू एंट्री कर, सीएचं मी बघतो."

आता माझे प्रश्न. आयकर खात्याच्या पोर्टलवर करचुकवेगिरीची माहिती देता येते, तिथे आपलं नाव खरंच गुप्त राहतं का? कोणी स्वतः दिली आहे का? सप्टेंबर 2024 मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीसाठी आचारसंहिता आली, पण तक्रार ऐकणारी समिती उद्योगाच्या संघटनेचीच. तिथे आमच्यासारख्या लहान वितरकाविरुद्ध जाऊन काही होतं का? की सरळ महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे सर्जनविरुद्ध जावं? जागल्यांचा (व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांचा) 2014 चा कायदा सरकारी कारभारापुरता आहे, म्हणजे खासगी नोकरीत मला त्याचा आधार नाही, हे मी बरोबर समजते आहे ना?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बिलांच्या प्रती पुरावा म्हणून घरी नेल्या तर चोरीचा आळ येऊ शकतो का? कोणी वकील किंवा सीए असेल तर कृपया आधी याचं उत्तर द्या. तिमाही संपायला अकरा दिवस आहेत आणि नवीन बिलं टेबलावर येऊन पडली आहेत.