मदत हवी आहे: अपघातानंतर दादा सारखं कायतरी चावतोय, मोठ्या माणसांची च्यू ट्यूब (चावायची नळी) कुठं मिळंल?

नमस्कार मंडळी, मी खानापूर तालुक्यातला. दादाचा (वय ४१) मागच्या दिवाळीत गाडीवरनं अपघात झाला, हेल्मेट नव्हतं, डोक्याला पुढच्या बाजूला मार लागला, बेळगावात ऑपरेशन झालं, आता चालतोय बोलतोय सगळं, पण तोंडात सारखं कायतरी पाहिजेच. शर्टाची कॉलर, पंच्याचं टोक, टीव्हीचा रिमोट, आणि कायच नाही गावलं तर स्वतःचं मनगट, तिथं वळ उठलेत. गडबड गोंधळ झाला की जास्त, गणपतीत आरतीला झांजा सुरू झाल्या आणि ह्यानं अर्धा टॉवेल चघळून भिजवला. चावायला मिळालं की गप बसतोय म्हणून आम्ही पण ओरडत नाही.

आईनं खडेबाजारातनं लहान बाळांचं टीदर आणलं, दोन दिवसात तुकडा पडला, माझ्या हाताला लागला म्हणून बरं. वर दादा म्हणतोय, "मी काय बाळ हाय?" ते जास्त लागलं बघा. शेजारचे काका म्हणतात सुपारी द्या की! आमच्या हिकडं सगळ्यावर उपाय सुपारी नाहीतर निपाणीची तंबाखू, अपघाताआधी खायचाच तो, कशीबशी सुटलीय.

सिलिकॉनची च्यू ट्यूब मऊ, मध्यम, कडक अशी मिळते म्हणे. कुठली घ्यायची? फिटच्या गोळ्या चालू आहेत, आणि पाणी पिताना कधीमधी ठसका लागतोय, तर चालंल का?

*

ठसका वाचून थांबले. आमच्या मिस्टरांना स्ट्रोकनंतर असंच होतं म्हणून सांगते, आधी स्पीच थेरपिस्टकडनं गिळण्याची तपासणी करून घ्या, ट्यूब नंतर. चावलं की लाळ वाढते आणि गिळता येत नसंल तर तीच श्वासनलिकेत जाते. टीदर बाळाच्या हिरड्यांसाठी असतं, मोठ्या माणसाच्या जबड्यापुढं ते कुठलं टिकतंय, कडकच लागंल पण दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. गळ्यात घालायची असंल तर ओढल्यावर सुटणाऱ्या लॉकचीच दोरी, साधा धागा नको. झोपताना आणि एकटं असताना काढून ठेवा, फिट येते म्हटल्यावर तर नक्कीच, आणि फिट आली की तोंडात चमचा बिमचा कायच घालू नका. रोज साबणानं धुवा, चीर दिसली की फेका. बेळगावात जमलं नाही तर धारवाडला डिमहान्स (मेंदूच्या आणि मानसिक आजारांचं हॉस्पिटल) आहे, तिथं विचारून बघा.

*

ताई थँक्यू, लाळेचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तपासणी होईपर्यंत ट्यूब मागवत नाही, पण तोवर मनगटाचं काय करू? दादाला फोटो दाखवले तर म्हणाला काळीच पाहिजे, पेनासारखी दिसणारी.

*

मनगटाला जाड सुती रिस्टबँड घाला, खेळाडू घालतात तसला. आणि पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत जाऊ द्या हो, कशाला बसवताय मध्यात!