जर्मन 'गेलेगे'ला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं?

पवनचक्कीच्या पात्याचं एक जर्मन स्पेसिफिकेशन इंग्लिशमध्ये करतोय. गेवेबे, गेलेगे, फ्लीस, मॅटे हे चारही एकाच पानावर आलेत आणि डिक्शनरी बघावी तर फॅब्रिक नाहीतर नॉनवोव्हन, यापुढे गाडी जात नाही. सरसकट फॅब्रिक लिहिलं तर चालेल का? आणि श्लिष्टे म्हणजे काय?

—

अजिबात चालणार नाही! गेवेबे म्हणजे विणलेलं, उभा-आडवा धागा एकमेकांच्या वरखाली जातो, ते वोव्हन फॅब्रिक. गेलेगे आलंय 'लेगेन'वरनं, म्हणजे अंथरणं. त्यात विणकाम नाहीच, एका दिशेचे धागे सरळ अंथरायचे, त्यावर दुसरा थर वेगळ्या दिशेत, जसं ४५ अंशात, मग बारीक दोऱ्याने सगळं शिवून टाकायचं, आपली गोधडी असते ना तसं. याला इंग्लिशमध्ये नॉन-क्रिम्प फॅब्रिक, एनसीएफ म्हणतात, क्रिम्प म्हणजे धाग्याचा बाक. म्हणजे जर्मन माणूस काय केलंय ते सांगतो आणि इंग्लिशवाला काय नाहीये ते, आता बोला. पण इथे चुकून चालत नाही कारण विणताना धागा वाकतो आणि वाकलेला धागा दाबाखाली लवकर दगा देतो, पात्यात गेलेगे मुद्दाम घातलेलं असतं, तुम्ही वोव्हन लिहिलंत की खरेदीवाला बिचारा भलतंच कापड मागवणार.

मॅटे बहुतेक वेळा चॉप्ड स्ट्रँड मॅट, म्हणजे काचेच्या धाग्याच्या तुकड्यांची चटई. फ्लीस लॅमिनेटच्या (रेझिन या कडक होणाऱ्या द्रवात भिजवलेल्या कापडाच्या थरांच्या) अगदी वरच्या थरात असेल तर सरफेस व्हेल (veil) लिहा, नॉनवोव्हन चूक नाही पण वाचणाऱ्याला काही कळत नाही त्यातून. फ्लीस तर नकोच, लोकांना थंडीतलं जॅकेट आठवतं.

—

श्लिष्टे म्हणजे सायझिंग. इचलकरंजीकडच्यांना वेगळं सांगायला नको, मागावर चढायच्या आधी उभ्या धाग्याला खळ देतात तेच. फक्त सुती कापडाची खळ नंतर धुऊन काढतात आणि काचेच्या रोव्हिंगवरची (रोव्हिंग म्हणजे तंतूंचा जुडगा) तशीच ठेवतात, कारण त्यात सिलेन नावाचं रसायन असतं, ते एकीकडे काचेला आणि दुसरीकडे रेझिनला धरून ठेवतं. म्हणून कोटिंग लिहू नका, ते वेगळं. त्याच पानावर हाफ्टफरमिटलर आलं असेल तर ते कपलिंग एजंट, म्हणजे हे सिलेनच.

बाकी जीएफके, सीएफके (काचेच्या किंवा कार्बनच्या तंतूंनी बळकट केलेलं प्लास्टिक) दिसलं की जीएफआरपी, सीएफआरपी करून टाका, शेवटचा के म्हणजे कुन्स्टस्टोफ, प्लास्टिक.

—

भारीच, धन्यवाद दोघांना. अजून एक, रेझिन कडक झाल्यावर 'टेम्पर्न' करा असं लिहिलंय, ते टेम्परिंगच ना?

—

नाही हो, पोस्ट-क्युअर. कडक झालेला भाग परत काही तास ओव्हनमध्ये तापवतात, राहिलेलं क्युअरिंग पूर्ण होतं आणि ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे ज्याच्या वर रेझिन मऊ पडतं ते, वर जातं. पोलादाच्या टेम्परिंगला जर्मनमध्ये आनलासेन म्हणतात.