कोच बदलून गोल हुतात व्हय?

एका मित्रानं लिहिलंय की भारताची फुटबॉल टीम बांगलादेशकडनंबी हरली म्हंजे कोच खालिद जमीलला आता नारळ द्या. भावा, राग मलापण आलता, पण जरा मागचं बघ की. २०२४ च्या जूनमधे कोच स्टिमॅकला काढला, मग मानोलो आला, त्याच्या ८ मॅचमधे जिंकली किती तर १, तीपण मालदीवबरोबर, मग तोपण गेला आणि २०२५ च्या ऑगस्टमधे खालिद. दीड वर्षात तीन कोच, आणि पुढं गोल मारणारा कोण हुता तर रिटायर होऊन परत आलेला चाळीशीचा सुनील छेत्रीच! सिंगापूरनं मडगावात येऊन २-१ नं हरवलं आणि एशियन कप हुकला, त्यात खालिदच्या चुका होत्याच, नाही म्हणत नाही. पण आयएसएलच (देशातली मोठी फुटबॉल लीग) वेळेवर सुरू झाली नाही तर पोरं मॅच फिट कशी राहणार?

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या टीमचंपण हेच, दोन मॅच हरली की लगेच कोच बदला, आणि सरावाला मात्र निम्मी पोरं गायब. शाहू स्टेडियमला गॅलरीत बसून शिव्या घालायला आपण सगळेच पुढं (मीपण, खोटं कशाला बोलू). अनिकेत जाधव आपल्या मातीतला, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, तसे अजून चार स्ट्रायकर कुठनं आणायचे ते सांगा आधी. खालिदला निदान दोन वर्षं तरी द्या राव.