दाखला मुळीच काढू नका

ताई, भाच्याला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाल्याचं कळताच ‘चौथीतून दाखला काढून घ्या’ असं शाळेनं सुचवल्याचं तुम्ही लिहिलंय. मुळीच काढू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण (आठवीपर्यंतचं) पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, डॉक्टरांचं पत्र जोडा, पोच घ्या. उपचार साधारण दोन-तीन वर्षं चालतात. त्यामुळे अर्जात नुसतं ‘महिनाभर रजा’ लिहिलं की पुढं अडतं.

केमोथेरपीतल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधामुळे बोटांना मुंग्या येतात, पेन नीट धरवत नाही. अक्षर बिघडलं तर रागावू नका, उत्तरं तोंडी घ्या. अक्कलकोटहून सोलापूरला केमोला येताना एसटीत वाचायला लावू नका, मळमळ वाढते. बरं वाटेल त्या दिवशी एकच विषय, पंधरा-वीस मिनिटं. पुरे आहे तेवढं.

शाळेत कधी पाठवायचं ते पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट पाहून डॉक्टरच ठरवतील. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी फोन करा, असं बाईंना सांगून ठेवा. संपर्कानंतरचं संरक्षक औषध पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवा.